अधू हातालाही काम द्या

'अंगावरून वारं गेलं' हे शब्द ज्याने ऐकले नाहीत असा माणूस आपल्या खेड्यापाड्यांत सापडणार नाही. काल संध्याकाळपर्यंत वैरण टाकणारा, गोठा झाडणारा माणूस सकाळी उठतो तो एक हात लुळा, एक पाय ओढता आणि तोंड वाकडे अशा स्थितीत. त्याला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावे, हे आधी सांगून टाकतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्यापूर्वी मेंदूत रक्तस्राव तर नाही ना, हे यंत्राने पाहावे लागते. कबुतराचे रक्त चोळण्यात गेलेली घटका परत मिळत नाही. पण मला आज बोलायचे आहे ते यानंतरच्या काळाविषयी. जीव वाचला, माणूस घरी आला. आता पुढे काय?

पुढे आपल्याकडे सुरू होते ती सेवा. ओसरीवर बाज पडते. सून घास भरवते, मुलगा अंघोळ घालतो, आणि बघायला येणारा प्रत्येक जण बजावून जातो, "आबा, तुम्ही नुसते पडून राहा हं!" या सेवेत माया असते याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु हीच माया पुष्कळदा आबांना कायमचे अंथरुणाला खिळवते, हे कुणीतरी स्पष्ट बोलायला हवे.

कारण असे आहे, की बिघाड हातात नसतो, मेंदूत असतो. मेंदूचा एक भाग निकामी झाला तरी उरलेले भाग त्याचे काम थोडेफार शिकू शकतात. मात्र ते शिकवावे लागते, आणि शिकवण्याची रीत आपल्या शाळेतलीच, पुन्हा पुन्हा गिरवून घेण्याची. मुलाच्या पाटीवर मास्तरांनीच सुंदर अक्षर काढून दिले, तर मुलाला काय येणार? मालिशीचेही तेच. तिने बरे वाटते, नाही असे नाही. पण मेहनत होते ती चोळणाऱ्याची. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, आणि नेमका तोच काळ आपण 'विश्रांती'त घालवतो! पुढेही सुधारणा होत राहते, पण चाल मंदावते.

फिजिओथेरपी म्हणजे विजेचा शेक, असाही एक समज आहे. शेक ही त्यातली फार थोडी गोष्ट. कोणता स्नायू किती जागा आहे हे पाहून, त्याला झेपेल एवढे काम बेतून देणे आणि ते घरच्यांना शिकवणे, हे त्या शास्त्राचे खरे अंग. तेव्हा तालुक्याला गेलात, की "घरी काय करून घ्यायचं ते दाखवा" असे विचाराच. डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत घाई नको. निजून असेल तोवर दर दोन तासांनी कूस बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. उठवताना लुळा हात धरून ओढू नये. खांदा निखळतो आणि मग त्या दुखण्यापायी माणूस हात हलवेनासा होतो. बसता येऊ लागले, की पाय जमिनीवर टेकवून बसवावे. जेवताना ताट दाबून धरायला तोच हात. पाण्याचा तांब्या धरायचा तो दोन्ही हातांनी. सांडेल थोडे, सांडू द्यावे.

माझ्या मामांना असा झटका आला, तेव्हा मामींनी त्यांच्यापुढे भुईमुगाच्या शेंगांचे सूप ठेवले. मामा भडकले, आठवडाभर मामींशी बोलले नाहीत. शेंगा मात्र फोडीत राहिले. हात पूर्वीसारखा झाला नाही, पण वर्षाच्या आत सदऱ्याच्या गुंड्या ते स्वतः लावू लागले.

आता लहान मुलांकडे वळू. १९५५ साली मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली, त्या काळी पोलिओने अधू झालेली मुले गावोगाव दिसत. नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण भारतात जानेवारी २०११ मध्ये आढळला. पण जन्मतः आत वळलेला पाय आजही हजारी एखाद्या बाळाला असतोच. तो 'ग्रहणाचा' नव्हे, आणि बहुतेक वेळा मोठ्या शस्त्रक्रियेवाचून सरळ होतो. दर आठवड्याला नवे प्लास्टर, अशी पाच-सहा. बहुधा टाचेच्या शिरेला एक लहानसा छेद. आणि मग पट्टीने जोडलेले बूट. खरी परीक्षा इथे असते. हे बूट पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि पुढे चार वर्षांपर्यंत रात्री घालायचे असतात. बाळ रडते, पाय तर सरळ दिसतो, आजीचे काळीज पिळवटते, आणि बूट फडताळात जातात. पाय पुन्हा वळू लागतो.

मेंदूच्या विकाराने ज्यांचे अवयव ताठरलेले असतात, त्या मुलांची कथा याहून लांबची. सहा वर्षांचे मूल आईच्या कडेवरच असते. कारण कडेवर घेणे सोपे, उभे करणे अवघड. शिक्षकांनी अशा घरी जरूर जावे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत नि शाळांत तपासणीला येतात. त्या दिवशी जे मूल घरीच राहते, नेमके तेच पथकाला दाखवायला हवे असते. पुढील उपचारांची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. २०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. असे मूल वर्गात आले, तर पाय अधांतरी लोंबकळणार नाहीत असे बसायला द्यावे, पायांखाली लाकडी पाट चालेल. कवायतीच्या तासाला त्याला सावलीत दप्तरे राखायला बसवू नये. भिंतीला धरून का होईना, सर्वांबरोबर उभे राहू द्यावे.