ज्वारीचा न्याय मोसंबीला

(वसंत व्याख्यानमालेत बीड जिल्ह्यातील बागायतदारांसमोर दिलेलं व्याख्यान)



बालाघाटाच्या डोंगरात धारूरकडे गेलात तर उताराला, दगडगोट्यांत, सीताफळाची झुडपं दिसतील. त्यांना कुणी आळं केलं नाही, खत घातलं नाही, वखराची पाळी तर नाहीच नाही. तरी बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्यामागे या डोंगराच्या फळाचीच पुण्याई आहे. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने ‘धारूर-६’ नावाची निवड दिली, तिच्या नावातही हाच डोंगर आहे. आता हेच सीताफळ आपण शेतात ओळीने लावतो आणि दुसऱ्या वर्षापासून दोन ओळींतून रोटाव्हेटर घालायला लागतो. पावसाळ्यात दोनदा, दिवाळीनंतर एकदा, उन्हाळ्यात एकदा. डोंगरात जे झाड आपल्याच गळलेल्या पानांवर उभं राहिलं, त्याच्या बुडाची पानं आपण बांधावर नेऊन पेटवतो आणि बाग कशी लख्ख झाली म्हणून पाव्हण्याला दाखवतो.

हे आपण का करतो? अडाणीपणाने करतो असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे म्हण आहे, ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’. ही म्हण खोटी नाही. काळ्या मातीला उन्हात भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. त्या भेगांच्या दोन्ही भिंतींतून खालची ओल उडून जाते. कोळपं फिरलं की वरची दोन बोटं माती भुसभुशीत होते, भेगा बुजतात, तणही मरतं. सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. तिथे कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत बसवली, ती पुढे ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून गाजली. तीन वर्षांतून एकदा नांगरट, पेरणीआधी वखराच्या पाळ्या, उभ्या पिकात कोळपण्या, बांधबंदिस्ती, विरळ पेरणी. रब्बी ज्वारीसाठी हे शहाणपण आजही उभं आहे. मी त्याच्या विरोधात बोलायला आलेलो नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की तो न्याय ज्वारीचा आहे आणि आपण तो मोसंबीला लावला. ज्वारी चार महिने रानात असते. तिची काढणी झाली की रान मोकळं, मग औत कितीही फिरवा, कुणाचं मूळ तुटत नाही. मोसंबी वीस-पंचवीस वर्षं एका जागी उभी राहते. तिची जाड मुळं खाली जातात, पण अन्नपाणी घेणारी केसासारखी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात असतात, आणि खोडाजवळ कमी, फांद्यांचा घेर संपतो तिथे जास्त. रोटाव्हेटरची पाती नेमकी तिथून जातात. प्रत्येक पाळीला झाडाचं तोंडच कापलं जातं. झाड ती मुळं पुन्हा करतं, पण त्यासाठी लागणारं अन्न फळाच्या वाट्यातून जातं. शिवाय तुटलेल्या मुळाच्या जखमेतून फायटोफ्थोरा आत शिरतो. आपण त्याला डिंक्या म्हणतो आणि खोडाला बोर्डो पेस्ट लावतो, जखम मात्र आपणच दरसाल ताजी करत असतो.

माती जितकी बारीक तितकं पीक चांगलं, ही समजूत जगभर होती. जेथ्रो टल नावाचा एक इंग्रज अठराव्या शतकात होऊन गेला. पाभरीसारखं यंत्र त्याने बनवलं, माणूस हुशार. पण त्याची खात्री होती की झाडाची मुळं मातीचे बारीक कणच खातात, म्हणून कण जितके लहान कराल तितकं झाड धष्टपुष्ट. पुढे मूळ पाण्यात विरघळलेलं अन्न घेतं हे कळलं, टलचं कारण मागे पडलं, आणि त्याचं नांगरणीचं वेड तेवढं शिल्लक राहिलं. १९४३ साली अमेरिकेत एडवर्ड फॉकनर याने नांगराच्या विरोधात पुस्तक लिहिलं. तोवर त्यांच्याकडची मोठी मैदानं धुळीच्या वादळांत उडून झाली होती.

आता तणाकडे येऊ, कारण बागेत औत घालण्याचं खरं कारण तण हेच असतं. जमिनीत तणाचं बी वर्षानुवर्षं झोपून राहतं. पुष्कळ बियांना उगवायला उजेडाचा एक झोत पुरतो, आणि औताची प्रत्येक पाळी खालचं बी वर आणून त्याला तो झोत दाखवते. म्हणजे आजचं तण मारताना पंधरा दिवसांनंतरचं पेरून ठेवायचं. हराळीचं तर विचारूच नका. रोटाव्हेटर तिचे तुकडे करतो, आणि पेर शाबूत असलेला प्रत्येक तुकडा पावसाच्या सरीने रुजतो. एका कोपऱ्यातली हराळी दोन वर्षांत सगळ्या बागेत कशी गेली, असं मला लोक विचारतात. तुम्हीच नेली, ट्रॅक्टरला भाडं देऊन. लव्हाळ्याच्या गाठींची माळ जमिनीखाली असते. ती तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्र फुटते.

औत घालण्याऐवजी मातीवर पाचट-काडीचा थर अंथरा, असं सांगणाऱ्या आच्छादनवाल्यांनीही इथे जरा जपून बोललं पाहिजे. चार बोटं पाचटाने केना, दुधाणी, गाजरगवत दबतं. लव्हाळा दबत नाही, तो प्लास्टिकलाही भोक पाडून वर येतो. हराळी आणि कुंदा पाचटाखालून सरकत राहतात आणि तिथे त्यांना ओलही आयती मिळते. म्हणून ज्या रानात ही तीन तणं माजलेली आहेत, तिथे बाग लावण्याआधीच्या उन्हाळ्यात खोल नांगरट करून ढेकळं मे महिनाभर तापू द्या, गाठी-मुळ्या वेचून काढा. तेव्हा नांगर हवाच. झाड लागल्यावर मात्र त्याचं काम संपलं.

तणनाशकाबद्दल थोडक्यात. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये बंधनं घातली, आणि सालीवर फवारा बसून रोगट झालेली लहान कलमं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. त्यावर मी अधिक वेळ घालवत नाही.

आपला खरा प्रश्न पाण्याचा आहे. जिल्ह्याचा पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सरासरी इतका पाऊस ठरल्या वेळी पडलेली वर्षं आठवावी लागतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यापासून बीडपर्यंत मोसंबीच्या उभ्या बागा कुऱ्हाडीखाली गेल्या. त्या साली लोकांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवली. आता जरा हिशेब करू. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत एकरी ११२ झाडं बसतात. दीड मीटर त्रिज्येचं आळं धरा, ते होतं सुमारे सात चौरस मीटरचं. आपल्याकडे मे महिन्यात बाष्पीभवन दिवसाला दहा मिलिमीटरच्या वर जातं. ओल्या उघड्या मातीतून त्या दराने पाणी उडालं तर एका आळ्यातून दिवसाला सत्तर लिटर. झाडाची सावली आहे म्हणून निम्मं धरा, पस्तीस लिटर. हे झाडाने प्यायलेलं पाणी नव्हे. माती ओली आहे तोवर उन्हाने नेलेलं पाणी आहे, आणि पुन्हा ओलवली की पुन्हा तेच. ११२ झाडांचा गुणाकार घरी जाऊन करा आणि टँकरचा भाव आठवा.

आच्छादन हे पाणी सगळं वाचवत नाही, पण पुष्कळ वाचवतं. उघडी काळी माती मेच्या दुपारी पन्नास अंशांच्या पुढे तापते. त्या तव्यावर वरच्या थरातली मुळं आणि जीवजंतू जगत नाहीत. पाचटाखाली तोच थर गार राहतो, आणि जिथे उन्हाळ्यात मूळ औषधालाही सापडत नव्हतं, तिथे पांढरी मुळं वर आलेली दिसतात. काडी कुजून गांडुळं येतात, माती रवाळ होते, पावसाचा थेंब मातीवर थेट न आपटता झिरपतो. आष्टी, पाटोद्याच्या हलक्या उताराच्या रानात तर माती जागेवर राहणं हाच मोठा नफा. आपल्या जमिनींचा सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतो, आणि औत जितकं फिरेल तितका तो हवा लागून जळतो. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर, नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी नांगरणी सोडण्याचा जो आग्रह धरला, त्यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे मूळ उपटायचं नाही. वरचं कापा, मूळ आत कुजू द्या. ते जिथे कुजतं तिथे पाण्याला आणि हवेला वाट होते.

मग एवढं सोपं आहे तर लोक करत का नाहीत? कारण काडी फुकट मिळत नाही. दहा सेंटिमीटर थर द्यायचा तर झाडाला तीसेक किलो, एकरी तीन-साडेतीन टन लागतात. कडबा तर कुणी झाडाखाली टाकणार नाही आणि टाकूही नये. ज्या जिल्ह्याने २०१९ ला चारा छावण्यांत जनावरं बांधली, तिथे गाईच्या तोंडचा घास काढून मोसंबीला घाला असं व्यासपीठावरून सांगणं मला पाप वाटतं. सोयाबीनचं भुसकटही अनेक घरांत गोठ्यात जातं. उरतात तीन गोष्टी.

पहिली, उसाचं पाचट. आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर जातात. उसाचे वाढे जनावरांना जातात आणि पाचट मात्र जागच्या जागी पेटवलं जातं. माजलगाव, गेवराईकडच्या उसाचं एका एकराचं पाचट एका एकराच्या मोसंबीला पुरतं, वरचा हिशेब तेवढाच येतो. फक्त पाचटात नत्र कमी, त्यामुळे ते कुजताना मातीतलं नत्र ओढतं आणि झाड पिवळं पडतं. उसाच्या खोडव्यात टनाला आठ किलो युरिया आणि दहा किलो सुपर फॉस्फेटची शिफारस असते. त्या मानाने झाडाला पाव किलो युरिया थरावर टाकून पाणी मारा.

दुसरी, पऱ्हाटी. ती आपल्याकडे ढिगाने आहे आणि बांधावर जळते. कुट्टी करून घातली तर पाचटापेक्षा जास्त टिकते. पण सुकलेली बोंडं तशीच राहिली तर गुलाबी बोंडअळीला आपण बागेत घर बांधून दिलं म्हणून समजा. बोंडं आधी काढा, यंत्रातून बारीक करा आणि अख्खी पऱ्हाटी कधीच घालू नका.

तिसरी गोष्ट तुमच्या बागेतच उगवते आणि तिच्यावरच तुमचा राग आहे. दोन ओळींमधलं पावसाळी गवत वाढू द्या, फुलावर आलं की, बी धरण्याआधी, कापा आणि आळ्यात टाका. पावसाळ्यात दोन-तीन कापण्या मिळतात. पायवाटेवरून बाग गबाळी दिसेल, शेजारी बोलतील. गावात बागेच्या स्वच्छतेवरून माणसाची पत ठरते हे मला माहीत आहे आणि रोटाव्हेटरचं निम्मं भाडं या पतीपायीच जातं, असं माझं मत आहे.

इथे कुणी फुकुओकांचं नाव घेईल. जपानच्या शिकोकू बेटावर मासानोबू फुकुओकांनी संत्रावर्गीय फळांची बाग न नांगरता केली, खाली पांढऱ्या क्लोव्हरचा हिरवा गालिचा ठेवला. १९८८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण शिकोकूचा पाऊस आपल्या दुपटीहून जास्त. बीडमध्ये फेब्रुवारीनंतर जिवंत गवत ठेवलं तर ते झाडाच्या वाट्याचं पाणी पितं. म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात जिवंत आणि परतीच्या पावसानंतर मेलेलं, कापून अंथरलेलं आच्छादन हवं. तेही ओल्या मातीवर. कोरड्या मातीवर जाड थर घातला आणि मग पाच-सात मिलिमीटरची सर आली, तर ती पाचटच पिऊन टाकतं.

काळं प्लास्टिक अंथरणाऱ्यांना माझा सल्ला, भाजीला ठीक आहे. बागेत त्याच्या चिंध्या होतात, त्या मातीत मिसळतात आणि कर्ब काडीचाही वाढत नाही.

पथ्यं काही आहेत. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर ओलीने साल कुजून डिंक्या बळावतो. वाळवी आणि उंदीर येतील, त्यांच्यावर लक्ष ठेवा. ठिबकच्या नळ्या थराखाली गेल्या की तुंबलेला ड्रिपर दिसत नाही, म्हणून दर आठवड्याला थर उचलून पाहा. आणि बांधाकडेने चार-पाच फुटांचा पट्टा साफ ठेवा. एप्रिलमध्ये शेजाऱ्याने बांध पेटवला तर आच्छादनाची बाग कडब्याच्या गंजीसारखी जळते.

शेवटचा मुद्दा बहाराचा, कारण खाली बसलेल्या जाणत्या माणसांच्या चेहऱ्यावर तो प्रश्न मला मघापासून दिसतो आहे. मोसंबीला ताण द्यायचा म्हणजे पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, आणि पूर्वापार त्यासाठीच बागेत औत घालून वरची मुळं तोडली जातात. आच्छादन असलं की ओल हटत नाही, भारी जमिनीत तर ताण बसायला फारच दिवस लागतात. ही अडचण खरी आहे. हलक्या-मध्यम जमिनीत आंब्या बहारासाठी पाणी तोडतेवेळी थर दाताळ्याने ओढून ओळीच्या मध्ये न्या, आळं उघडं पडू द्या आणि ताण तोडताना शेणखतानंतर तोच थर परत आळ्यात आणा. मजुरी लागते, पण मूळ तुटत नाही. भारी काळ्या जमिनीत मृग बहार धरणाऱ्याला मी आज सगळी बाग झाका असं सांगणार नाही. त्याने चार ओळी झाकाव्यात, चार उघड्या ठेवाव्यात आणि दोन्हीकडची फुलं आणि फळं मोजावीत.

आता तुमचे प्रश्न घेऊ. आधी ज्यांच्या रानात लव्हाळा आहे त्यांनी विचारावं.