फाटकाबाहेरचा कॅमेरा



संमेलनाध्यक्षाने पहिली दहा मिनिटं आभार मानण्यात घालवायची असा रिवाज आहे. ती मी वाचवतो, कारण मला एक तक्रार मांडायची आहे.

कारेल राइझचा १९६० सालचा ‘सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग’ तुमच्यापैकी काहींनी फिल्म सोसायटीत पाहिला असेल. नॉटिंगहॅममधल्या सायकलच्या कारखान्यात तो सुरू होतो. आर्थर सीटन लेथवर उभा आहे, एकामागून एक नग काढतोय आणि मनात मोजतोय. मजुरी नगावर, पण हात भराभर चालवला तर मालक दरच कापणार, हेही त्याला ठाऊक आहे. त्याची शनिवारची दारू, त्याचा तिरसटपणा, सगळ्याचं मूळ त्या पहिल्या काही मिनिटांत सापडतं. मूळ कादंबरी लिहिणारा ॲलन सिलिटो स्वतः त्याच रॅली कारखान्यात राबलेला होता.

आपला कॅमेराही कष्टकऱ्यांच्या वस्तीत गेला. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’त (१९७०) चाळीच्या खोलीत नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही, दोनच वर्षांत बासू चटर्जींनी त्यावर हिंदीत ‘पिया का घर’ केला. दोन्ही गोड आहेत. मात्र आपल्या पडद्यावरचा चाळकरी डबा घेऊन जिना उतरला की दिसेनासा होतो, तो थेट संध्याकाळी परततो. मधले आठ तास गेले कुठे?

ते आठ तास कापडगिरणीच्या साचेखात्यात, मागांवर गेले. तिथला खडखडाट असा की जॉबर, म्हणजे मुकादम, आणि माग चालवणारा साचेवाला हातवाऱ्यांनी बोलत. धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली, केसांत कापसाचा पुंजका. सकाळी फाटकावर बदलीवाले ताटकळत. जॉबरची मर्जी असेल त्याला काम, बाकीचे घरी. याहून जास्त नाट्य कुठल्या पटकथेला हवं होतं?

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला; सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावरून महेश मांजरेकरांनी ‘लालबाग परळ’ केला तो २०१० साली. तोवर माग भंगारात गेले होते आणि गिरण्यांच्या जागी मॉल उभे होते. माझ्याशी त्या चित्रपटातल्या रक्तपातापेक्षा नाटकातली एकच खोली अधिक बोलते. पण मांजरेकर निदान गिरणी कामगारांकडे गेले, हे कबूल केलं पाहिजे.

चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ या चित्रपटाने मात्र मला चकित केलं. त्यातली सरकारी वकील बाई कोर्टातलं काम उरकून लोकलने घरी जाते, पोराला घेते, स्वयंपाकाला लागते. नोकरी आणि घर एकाच बाईच्या अंगावर दिसतं. ती लढवते तो एका शाहिरावरचा खटलाही गटारात उतरलेल्या सफाई कामगाराच्या मृत्यूवरूनच उभा राहिलेला.

हे सगळं दहिसरात का सांगतो? राइझच्या चित्रपटाच्या शेवटी आर्थर आणि त्याची प्रेयसी डोरीन शहराच्या कडेला बांधल्या जाणाऱ्या नव्या घरांकडे पाहत बसतात आणि तो त्या दिशेने दगड भिरकावतो. आपलं दहिसर म्हणजे तीच कड. चेकनाक्यापलीकडे मुंबई संपते. लालबाग-परळची खोली विकून कितीतरी कुटुंबं इकडे आणि पुढे नालासोपारा-विरारला आली. त्यांचं पुढे काय झालं, हा चित्रपट मी अजून पाहिलेला नाही.

संपात तिशीत असलेला साचेवाला आज सत्तरीपुढे आहे. त्यातले काही इथेच, सकाळी बागेत बाकावर बसलेले असतात. या संमेलनाच्या तरुण पटकथाकारांना माझी विनंती आहे: त्यांना संपाबद्दल नंतर विचारा. आधी विचारा, चालू मागावर तुटलेला धागा ते कसा सांधत, एक साचेवाला किती माग सांभाळी, तिसऱ्या पाळीत डोळा लागला तर काय होई. विचारताना मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू ठेवा, आणि शक्य असेल तर त्यांचे हातही टिपा.