हाताला पुन्हा काम



पक्षाघाताने माझा उजवा हात लुळा पडला, तेव्हा कल्याणच्या दुकानात पुन्हा बसण्याची आशा मी सोडली होती. व्यवसायोपचार देणाऱ्या ताईंनी प्रथम कापडाची घडी घालावयास लावली, मग सदऱ्याची बटणे, मग घास. स्वतःच्या हाताने जेवलो, त्या दिवशी डोळे भरून आले.

कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या शास्त्राचे शिक्षण सुरू केले. बालकाला पेन्सिल धरता यावी, तरुणाने कामावर परतावे, वृद्धाने न पडता स्नान करावे, हे त्याचे कार्य.

‘साठीत हात काय शिकणार’ म्हणून मी चार महिने वाया घालविले. तो विलंब आपण करू नये, ही नम्र विनंती.