गोलांच्या रकान्यात न मावणारा खेळाडू



खेळाच्या तासाविषयी बोलावे, अशी मला सूचना आहे. नियम आणि मैदानाची मापे आपण जाणताच. म्हणून त्याऐवजी एका जपानी फुटबॉलपटूची हकीकत आपणांपुढे ठेवतो. त्याचे नाव शिंजी ओकाझाकी.

त्याचा जन्म १९८६ सालचा, ह्योगो प्रांतातील ताकाराझुका येथला. गोल करण्यासाठी पुढे उभा राहणारा हा खेळाडू. पण उंची बेताची आणि पाय मंद. २००५ साली तो शिमिझू एस-पल्स या संघात दाखल झाला, तेव्हा आघाडीच्या खेळाडूंत त्याचा क्रम अगदी शेवटी लागे. तेथे तो एका माजी ऑलिंपिक धावपटूकडून धावण्याचे धडे नव्याने गिरवू लागला. मिसरूड फुटलेल्या मुलाला 'पाऊल असे टाक' म्हटलेले रुचत नाही, हा आपला नित्याचा अनुभव. याला ते रुचले. पुढे २०१४ साली त्याचे पुस्तक निघाले, त्याच्या नावाचा अर्थच 'मंद पायांचा जयजयकार' असा आहे! ऑक्टोबर २००९ मध्ये एका आठवड्याच्या आत त्याने जपानकडून दोन सामन्यांत तीन-तीन गोल केले. नंतर जर्मनीत माइन्झ संघाकडून दोन हंगामांत साखळी सामन्यांत त्याने २७ गोल नोंदविले.

२०१५ मध्ये तो इंग्लंडच्या लेस्टर सिटी संघात गेला. आदल्या हंगामात चौदाव्या क्रमांकावर राहिलेला हा संघ २०१६ साली विजेता ठरला. त्या हंगामात वार्डीचे गोल २४, महरेझचे १७ आणि ओकाझाकीचे अवघे ५. कोणी केवळ हा तक्ता पाहील, तर या गृहस्थाला ३६ सामन्यांत कशासाठी खेळविले, असेच विचारील.

त्याचे उत्तर चेंडू प्रतिपक्षाकडे असताना मिळे. बचावाचा खेळाडू चेंडू घेऊन शांतपणे पुढे पाहू लागला की ओकाझाकी त्याच्या अंगावर धावून जाई. चेंडू क्वचितच हाती लागे. पण समोरचा गडबडून तो कसाबसा टोलवी आणि मागे टपलेला कांते तो अडवी. तेथून चेंडू वार्डीकडे जाई आणि गोल वार्डीच्या नावावर लागे. धावाधाव करून ओकाझाकी दमला की त्यास बाहेर बोलावीत. पुष्कळ सामने त्याने शेवटचा अर्धा तास बाकावरून पाहिले.

मात्र त्याला गोलाची आस नव्हती, असे कृपा करून समजू नका. १४ मार्च २०१६ रोजी न्यूकॅसलविरुद्ध पाठमोरा उसळून त्याने मारलेला गोल हाच त्या सामन्यातला एकमेव गोल होता. आपणास अधिक गोल करावयाचे आहेत, हे तो उघड बोलून दाखवी. २०१९ मध्ये त्याने लेस्टर सोडले व स्पेन गाठले. पहिल्या संघात वेतनमर्यादेच्या नियमामुळे त्याची नोंदणीच होऊ शकली नाही. मग दुसऱ्या श्रेणीतील वेस्का संघाकडून त्याने १२ गोल केले आणि तो संघ त्या श्रेणीचा विजेता होऊन वर चढला. तेव्हा त्याचे वय ३४. देशाकडून ११९ सामन्यांत ५० गोल करून २०२४ साली तो निवृत्त झाला. जपानच्या खेळाडूंत कामामोतो आणि मिउरा हे दोघेच त्याच्या पुढे होते.

आपल्या क्रीडा-नोंदवहीत गोल करणाऱ्याचे नाव असते. वर्षअखेरीस बक्षीसही त्यालाच जाते. माझी सूचना एवढीच, की सामन्याच्या वेळी खेळात नसलेल्या एका मुलास वा मुलीस पाटी घेऊन बसवावे, आणि चेंडू गेल्यावर परत कोण धावला, स्वतः न मारता दुसऱ्याला कोणी दिला, याच्या रेघा ओढावयास सांगाव्यात. ती पाटी सर्वांसमोर वाचावी. आणि ज्याच्या नावापुढे रेघा अधिक, त्याला 'गुणी बाळ' म्हणून कायमचे मागे राबवू नये. पुढच्या शनिवारी त्याला आघाडीला उभे करावे व इतरांस त्याच्यासाठी धावावयास लावावे. मुले प्रथम कुरकुरतील. पाटी आणि खडू मात्र तयार ठेवावा.