पीएफचे सगळे पैसे सोन्यात घालावेत का?

आजचा विषय विट्यापासून सुरू करू. खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव, माण हा आपला दुष्काळी पट्टा. पाऊस नाही म्हणून इथली माणसं देशभर गेली आणि गलाई झाली, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणारी. त्यामुळे आमच्याकडं सोन्यावर विश्वास ठेवायला कुणी शिकवावं लागत नाही.

आमचे आप्पा साखर कारखान्यातून 58 व्या वर्षी रिटायर झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 22 लाख. पेन्शन महिन्याला अडीच हजारसुद्धा नाही. आमचे चुलते, तात्या, कोइमतूरला गलाईचं दुकान चालवतात. ते म्हणाले, "सगळ्याचं सोनं घे, डोळे झाकून."

आप्पांची भीती खोटी नव्हती. डिसेंबर 2020 मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं रद्द केला, ते सातारा-सांगलीत सगळ्यांनी बघितलंय. बँकेतल्या ठेवीला विमा आहे, पण एका बँकेत एका माणसाला 5 लाखांपर्यंतच.

मी इंजिनिअर माणूस, आकडे मांडले. सोयीसाठी 22 कॅरेटचा भाव तोळ्याला 91,600 धरा. पाच तोळ्यांच्या दागिन्यात सोनं 4,58,000 चं. दहा टक्के मजुरी 45,800. वर 3 टक्के जीएसटी, 15,114. बिल झालं 5,18,914. तोच दागिना संध्याकाळी मोडायला नेला तर जास्तीत जास्त 4,58,000. म्हणजे 60,914 रुपये गेले. भाव 13 टक्क्यांहून जास्त वाढेल तेव्हा कुठं मुद्दल हाताला लागणार.

तात्यांना हे सांगितलं, तर तेच हसून म्हणाले, "आरं, मुशीत नक्षी उरत नाही. घ्यायचंच तर वेढणी घ्या."

बरोबर. वेढणीला किंवा नाण्याला मजुरी कमी. दागिना घेताना हॉलमार्क बघा, सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी नंबर बघा आणि तो बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासा. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा नंबर सक्तीचा आहे. लॉकरमध्ये ठेवलं की सगळं सुरक्षित, असंही नाही. चोरी किंवा आग झाली आणि बँकेची जबाबदारी ठरली, तरी भरपाईची मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या शंभर पट एवढीच.

पण खरा प्रश्न वेगळा होता. आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या दर महिन्याला लागतात. सोनं महिन्याला काही देत नाही. गरज पडली की मोडायचं, आणि त्या दिवशी भाव काय असेल ते आपल्या हातात नाही. 2012 ला तोळा साधारण 31 हजार होता, 2015 ला 26 हजारांच्या आसपास, 2018 ला परत 31 हजारांच्या घरात. सहा वर्षं! पुढं एप्रिल 2025 मध्ये सोनं लाखाला टेकलं, हेही खरं. पण तरुणाला सहा वर्षं थांबता येतं. रिटायर माणसाचा किराणा थांबत नाही.

शेवटी आमच्या घरी असं ठरलं. 15 लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 30,750 रुपये येतात, आणि दर पाच वर्षं बदलत नाही. व्याजावर कर लागू शकतो, तेवढं लक्षात ठेवा. साठ पूर्ण नसले तरी 55 नंतर रिटायर झालेल्यांना यात खातं काढता येतं, पण पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. ही मुदत बऱ्याच जणांना माहीत नसते. 4 लाख अडीअडचणीला एफडीत. उरलेल्या 3 लाखांच्या वेढण्या, आईच्या नावानं.

सोनं अजून वाढलं की आप्पा मला ऐकवतात. मी ऐकून घेतो. गोळ्यांचे पैसे मात्र वेळेवर निघतात.

तुमच्या घरी यंदा कुणी रिटायर होत असेल, तर सोन्याचा भाव नंतर विचारा. आधी घरखर्च महिन्याला किती लागतो, ते वहीत मांडा. भेटू पुढच्या भागात!