मेन्यूपट्टी आणि तालुक्याचे दफ्तर



पत्रिकेवर 'दृश्य पद्धतीने प्रणाली रचताना मेन्यूपट्टीचा उपयोग' असा विषय छापलेला असला, तरी ज्या एका आग्रहापायी मी तो पत्करला, तो आरंभीच सांगून टाकतो. नेटबीन्स या जावाच्या रचनासाधनात कोऱ्या खिडकीवर मेन्यूपट्टी ओढून आणून सोडताच तिच्यात 'फाइल' आणि 'एडिट' ही दोन नावे आयती येऊन बसतात. ती पुसून टाकल्यावाचून आपल्या बीड जिल्ह्यातील एकाही विद्यार्थ्याने पुढचे पाऊल टाकू नये.

जावा म्हणजे काय, हे तंत्रनिकेतनाच्या मुलांना अवगत आहेच, आणि इतरांचे त्यावाचून आज काही अडणार नाही. (हशा) एवढेच ध्यानात असू द्या की, 1998 च्या अखेरीस जावाच्या 1.2 आवृत्तीबरोबर आलेल्या स्विंग या खिडक्या रचण्याच्या संचात जेमेन्यूबार हे बाहेरचे पात्र, त्यात जेमेन्यू आणि त्यात जेमेन्यूआयटम अशी रचना आहे. आणि जेमेन्यू हा स्वतःच जेमेन्यूआयटमचा वंशज असल्यामुळे एका मेन्यूच्या पोटात दुसरा निर्वेध मावतो.

आता तलाठ्याच्या फेरफाराचेच काम घ्या. गाव नमुना 6 मध्ये नोंद होते, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 150 अन्वये हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत आल्यास तिची सुनावणी होते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबारा बदलतो. हा क्रम ज्याच्या हाडीमाशी खिळला आहे, त्याच्यासमोर 'नोंद', 'हरकत', 'प्रमाणन' अशी पट्टी मांडावी, 'नोटीस' ही 'नोंदी'च्या पोटात ठेवावी, आणि हरकतीचा निकाल लागेपर्यंत 'प्रमाणन' निष्क्रिय ठेवावे. म्हणजे कायद्याचा क्रम पडद्यावरच पाळला जातो.

कोणी म्हणेल, दोन इंग्रजी शब्दांनी एवढे काय बिघडते? त्यांना मी मराठवाड्याचा इतिहास स्मरण करून देतो. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, महसुलाचे दफ्तर उर्दूत चाले, आणि ज्या कुळाची जमीन त्यालाच आपला कागद वाचण्यासाठी दुसऱ्याच्या दारी उभे राहावे लागे. 2023 साली मराठा आरक्षणाच्या वादात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हाही उर्दू आणि मोडी वाचणारे जाणकार हुडकावे लागले. (सभागृहात कुजबुज) त्या वादाच्या गुणदोषांत मी शिरत नाही, आणि उर्दूविषयी माझ्या मनात यत्किंचितही अनादर नाही. ज्याचा कागद त्याला तो वाचता यावा, इतकेच माझे म्हणणे आहे, आणि पडदा हा आजचा कागद आहे.

अडचणी आहेत, हे मी नाकारत नाही. ऑल्ट दाबून मेन्यू उघडणारी कळ नेमण्याची सेटनेमॉनिक ही आज्ञा अक्षर दिले तर रोमन ए ते झेड एवढ्यांपुरतीच बेतलेली आहे. तिला 'न' दिला तर उपयोग नाही. परंतु तीच आज्ञा कळीचा संकेतांकही घेते, आणि इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर 'न' हा व्हीच्या कळीवर, 'ह' यूच्या आणि 'प' एचच्या कळीवर असल्यामुळे नोंदीला व्ही, हरकतीला यू, प्रमाणनाला एच नेमले की ज्याचा हात इन्स्क्रिप्टवर बसला आहे त्याचे बोट आपोआप योग्य जागी पडते. अक्षराखाली रेघ दाखवण्याची वेगळी सोय 1.4 आवृत्तीपासून आहे.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटे उरली म्हणतात. तेव्हा टंक आणि जोडाक्षरे यांविषयीचा भाग मी सोडून देतो. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून खाली बसणार नाही. ही नावे आज्ञावलीत कोरू नयेत, स्वतंत्र प्रॉपर्टीज फाइलीत ठेवावीत. 2017 च्या नवव्या आवृत्तीपूर्वी त्या फाइलीत देवनागरी थेट लिहिली तर वाचताना बिघडे, प्रत्येक अक्षराचा युनिकोड अंक लिहावा लागे. आता तीही सबब उरली नाही. तंत्रनिकेतनाच्या मुलांनी व्यासपीठापाशी यावे, यंत्र सुरूच आहे. 'फाइल' आणि 'एडिट' त्यांच्याच हातून पुसून घेऊ.