कॅटलन ओपनिंग, आणि डाव खरा कुठे ठरला?

आज एकाच डावावर बोलू.

तारीख २८ जुलै २०२५. जॉर्जियातलं बातुमी शहर, महिला विश्वचषकाची फायनल. एकीकडे आपली नागपूरची दिव्या देशमुख, वय १९. समोर कोनेरू हंपी. दिव्याचा जन्म २००५चा, आणि हंपी ग्रँडमास्टर झाली २००२ला! म्हणजे बघा.

दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. मग टायब्रेक. १५ मिनिटं, वर प्रत्येक चालीला १० सेकंद. पहिला रॅपिडही बरोबरीत. दुसऱ्यात पांढरे मोहरे हंपीकडे, आणि तिने निवडली कॅटलन.

कॅटलनमध्ये पांढरा डी४, सी४ खेळतो, मग जी३ करून उंट जी२वर बसवतो. ज्वारीच्या शेतात माळ्यावरून राखण करावी, तसा तो उंट ए८च्या कोपऱ्यापर्यंत तिरकी नजर ठेवतो. काळ्याने ई६ खेळलेलं असतं, त्यामुळे त्याच्या सी८वरच्या उंटाची वाट त्याच्याच प्याद्याने अडवलेली. काळा लगेच हरत नाही, पण बराच वेळ आवळून खेळावं लागतं.

दिव्याने तेच सोसलं. डाव ओपनिंगमध्ये ठरलाच नाही. मोहरे कमी होत गेले, घड्याळ संपत आलं, शेवटच्या टप्प्यात हंपी चुकली आणि दिव्याने ती चूक सोडली नाही. काळ्या मोहऱ्यांनी विजय, एकूण २.५–१.५. आधी एकही ग्रँडमास्टर नॉर्म नव्हता, पण कप जिंकल्यामुळे थेट किताब! भारताची ८८वी ग्रँडमास्टर.

आता आपलं बघू. गावात कोच नाही, म्हणून बरीच पोरं रील बघून ट्रॅप पाठ करतात. समोरच्याने सहावी चाल वेगळी खेळली की पाठांतर संपलं, आणि डाव पण! ओपनिंग पाठ करू नका असं नाही. पण प्रत्येक चालीला ‘हा मोहरा इथे का?’ याचं उत्तर आलं पाहिजे. आणि एंडगेम शिका. राजा आणि एक प्यादं विरुद्ध नुसता राजा, इथून सुरुवात करा.

या आठवड्याचं काम सांगतो. लिचेस मोफत आहे, जाहिरातीही नाहीत. तुमचा हरलेला एक डाव उघडा. इंजिन बंद ठेवा. कितव्या चालीला आपण विचार करायचं सोडलं, ते स्वतः शोधा. मगच इंजिन लावा.

सापडला तर चालीचा नंबर कळवा. भेटू पुढच्या भागात!